एडिसनचं घर, कऱ्हाडची जमीन

प्रश्न : ताई, माझे धाकटे काका १९७३ साली अमेरिकेला गेले आणि तिथलेच झाले. नागरिकत्वही तिथलंच. लग्न केलं नाही. न्यू जर्सीत एडिसनला त्यांचं स्वतःचं घर. १७ जानेवारीला ते गेले. मृत्युपत्रात त्यांनी 'माझी असेल तिथली सगळी मालमत्ता' मला आणि तिथेच राहणाऱ्या माझ्या चुलत भावाला निम्मी निम्मी दिली आहे. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, म्हणून मात्र एकट्या माझं नाव घातलंय. घर साधारण पाच लाख डॉलरचं, बँकेत आणि म्युच्युअल फंडांत मिळून दोन लाख. इकडे कऱ्हाडजवळ वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा हिस्सा आहे, शिवाय एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या रुपयांतल्या, खात्यावर चाळीस लाखांच्या ठेवी. ठेवींना नॉमिनी माझे वडील. काकांचा लॅपटॉप आणि पासवर्ड चुलत भावाकडे आहेत. तो म्हणतो, 'वकिलाची भानगड कशाला, मी पैसे ट्रान्सफर करून मोकळा होतो.' मी शाळामास्तर, परदेशी कधी गेलेलो नाही. मला जावं लागेल का? कर किती? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : सुरुवात लॅपटॉप मिटण्यापासून. हा अंक हातात पडला की भावाला फोन करा आणि काकांच्या कुठल्याही खात्यात शिरू नकोस म्हणून सांगा. त्याच्या मनात काळंबेरं असेल असं मी म्हणत नाही. पण माणूस गेला त्या क्षणी त्याचा पासवर्ड चालवायचा अधिकार कुणालाच उरत नाही, सख्ख्या मुलालाही नाही. १७ जानेवारीनंतरची प्रत्येक उलाढाल तारखेसकट बँकेत दिसणार आणि तिचा जाब विचारला जाणार तुम्हाला, कारण एक्झिक्युटर तुम्ही. काकांना सोशल सिक्युरिटीची, म्हणजे तिथल्या सरकारची, पेन्शन असेल तर आणखी एक मेख आहे. ज्या महिन्यात माणूस जातो त्या महिन्याची पेन्शन देय नसते, आणि ती जमा होते पुढच्या महिन्यात. म्हणजे फेब्रुवारीत खात्यावर आलेली रक्कम सरकार परत घेणार. ती आधीच कुणी 'ट्रान्सफर' केली असेल तर निस्तरायला तुम्हीच आहात.

मी बँकेच्या परकीय चलन विभागात बत्तीस वर्षं काढली. दुसऱ्यांचे वारसाचे कागद तपासताना माझा फार दरारा असायचा. मग सप्टेंबर २०१९ मध्ये माझा दादा न्यू जर्सीत वारला आणि काउंटरच्या पलीकडे उभं राहायची पाळी माझ्यावर आली. तुमच्या काकांसारखा तोही एकटाच. त्यामुळे खाली जे लिहिते आहे त्यातलं निम्मं नियमांतलं आहे आणि निम्मं चटका बसून कळलेलं.

लॅपटॉपनंतर घर. हे कुणी सांगत नाही म्हणून आधी सांगते. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे रिकाम्या घराची हीटिंग बंद केली तर भिंतीतल्या पाइपातलं पाणी गोठतं, पाइप फुटतो आणि बर्फ वितळल्यावर तळघरात तळं होतं. दादाच्या घराचं हेच झालं. 'वीजबिल कशाला वाढवा' म्हणून एका भल्या नातेवाइकाने हीटिंग बंद केलं होतं. विमा कंपनीने घर बराच काळ रिकामं असल्याचं कलम पुढे केलं. तेव्हा भावाला करायला खरं काम हे द्या : हीटिंग चालू ठेव, मुख्य नळ बंद कर, आठवड्यातून एक फेरी मार आणि विमा कंपनीला घर रिकामं असल्याचं लेखी कळव.

तिसरं, मूळ मृत्युपत्र शोधा. झेरॉक्स नव्हे, शाईच्या सहीचं. ते सापडलं की स्कॅन करण्यासाठी त्याची स्टेपलची पिन काढू नका. हसू नका. पिनेची जादा भोकं दिसली की मधलं पान बदललं का, हा प्रश्न येतो आणि साक्षीदार शोधत फिरावं लागतं.

हे मूळ पत्र आणि मृत्यूचा दाखला घेऊन जायचं सरोगेटच्या कार्यालयात. नावावरून आपल्याकडे भलतंच मनात येतं, पण न्यू जर्सीत प्रत्येक काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, वारसा पाहणारा अधिकारी सरोगेट म्हणून ओळखला जातो. एडिसन येतं मिडलसेक्स काउंटीत, तिचं कार्यालय न्यू ब्रन्सविकला. मृत्यूनंतर दहा दिवस उलटल्याशिवाय तिथे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याची अधिकृत मान्यता, मिळत नाही. ते दिवस तुमच्या बाबतीत उलटलेच आहेत. मृत्युपत्रावर साक्षीदारांचं तिथल्या पद्धतीचं शपथपत्र असेल आणि कुणाची हरकत नसेल तर हे काम मुंबईतल्या कोर्टाच्या मानाने चुटकीसरशी होतं. तुम्ही राज्याबाहेरचे, म्हणून तुमच्या वतीने नोटिसा सरोगेटने स्वीकाराव्यात असं मुखत्यारपत्र तुमच्याकडून लिहून घेतात. मृत्युपत्रात जामीनमाफी लिहिलेली नसेल तर जामीनही मागू शकतात. मग मिळतं अधिकारपत्र आणि त्याच्या शिक्क्याच्या छोट्या प्रती. त्या प्रत्येकी थोड्या डॉलरांत मिळतात, दहा-बारा घेऊन टाका. मृत्यूच्या दाखल्याच्याही तितक्याच. मी शहाणपणा करून तीन घेतल्या होत्या. प्रत्येक फंड कंपनीला मूळ प्रत हवी असते आणि परत कुणी करत नाही.

प्रोबेट मिळाल्यापासून साठ दिवसांत लाभार्थींना आणि जवळच्या वारसांना टपालाने नोटीस पाठवायची असते. तुमच्या वडिलांना, हयात असतील त्या आत्यांना, सगळ्यांना. घरातल्या घरात नोटीस कशाला म्हणून टाळू नका, कोर्टाचा नियम आहे.

तुम्हाला जावं लागेल का? कायदा जा म्हणत नाही. तिथल्या वकिलाकरवी आणि नोटरी केलेल्या कागदांवर बरंच होतं. मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत वेळ घेऊन गेलात तर तिथली नोटरी मिळते, प्रत्येक शिक्क्याला ५० डॉलर. पण दोन ठिकाणी घोडं अडतं. एक, मयताच्या वारशाचं वेगळं बँक खाते उघडणं. अमेरिकेत न राहणाऱ्या एक्झिक्युटरला समोर आल्याशिवाय बऱ्याच बँका दारात उभं करत नाहीत. दुसरं, मेडॅलियन शिक्का. फंड किंवा शेअर दुसऱ्या नावावर करायचे तर सहीवर हा हमीचा शिक्का लागतो, तो अमेरिकेतल्या बँका आणि ब्रोकर अशा संस्थाच देतात आणि त्याही बहुधा आपल्या ग्राहकालाच. आपल्याकडच्या मॅनेजरने कितीही गोल शिक्का मारला तरी तो तिकडे चालत नाही, हे मी एके काळची शिक्के मारणारी म्हणून सांगते. मी सहा आठवडे तिथे राहिले, पाच बँकांनी मला ग्राहक नाही म्हणून हात हलवत परत पाठवलं. शेवटी ज्या शाखेत दादाच्या वारशाचं खातं उघडलं, तिथल्याच बाईंनी शिक्का मारला. तेव्हा क्रम लक्षात ठेवा, आधी खातं, मग शिक्का.

प्रवास झेपणार नसेल तर दुसरा मार्ग : मृत्युपत्रात पर्यायी एक्झिक्युटर म्हणून भावाचं नाव असेल तर तुम्ही लेखी नकार देऊन त्याला पुढे करू शकता. पण त्याचा पासवर्डबद्दलचा उत्साह पाहता मी तुमच्या जागी असते तर एकदा विमानात बसले असते. काकांनी त्याला जवळ असून घातलं नाही आणि तुम्हाला लांब असून घातलं, त्यामागे काही विचार असेल.

आता कर. इथे बहुतेकांची दिशाभूल होते. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा इस्टेट टॅक्स, म्हणजे मयताच्या एकूण मालमत्तेवरचा कर, तुम्हाला लागत नाही, २०२६ मध्ये त्याची मर्यादा दीड कोटी डॉलर आहे. न्यू जर्सीनेही आपला इस्टेट टॅक्स १ जानेवारी २०१८ पासून काढून टाकला. एवढं वाचून लोक खूश होतात. पण त्या राज्यात इन्हेरिटन्स टॅक्स नावाचं वेगळं प्रकरण जिवंत आहे आणि ते मयताशी तुमचं नातं विचारतं. नवरा-बायको, मुलं, आईवडील यांना शून्य. भावा-बहिणींना पहिले २५ हजार डॉलर माफ, पुढे ११ टक्क्यांपासून. मी त्या रांगेत होते. पुतणे आणि भाचे मात्र शेवटच्या वर्गात, परक्या माणसाच्या बरोबरीने. पहिल्या सात लाखांपर्यंत सरळ १५ टक्के, त्यावर १६. काकांनी तुम्हाला पोटच्या पोरासारखं वाढवलं असेल, त्या तक्त्यात त्याला रकाना नाही.

तुमच्या आकड्यांवर अंदाज असा : सात लाखांचे दोन वाटे, प्रत्येकी साडेतीन लाख, त्यावर १५ टक्के म्हणजे ५२,५०० डॉलर. दोघांचे मिळून १,०५,०००. अंत्यविधी, वकील, काकांची देणी वजा होऊन आकडा खाली येईल. उलट एक गोष्ट तो वर नेईल : न्यू जर्सीच्या रहिवाशाच्या बँक ठेवी जगात कुठेही असल्या तरी या हिशेबात धरतात, म्हणजे कऱ्हाडचे चाळीस लाखही. जमीन मात्र धरत नाहीत, राज्याबाहेरची स्थावर त्यांच्या कक्षेत येत नाही.

मुदत आठ महिने, म्हणजे तुमच्यासाठी १७ सप्टेंबर. त्यानंतर वर्षाला १० टक्के व्याज. माझी मुदत मे २०२० मध्ये संपत होती आणि मार्चमध्ये जगाला कुलूप लागलं. सुदैवाने आमच्या वकीलबाईंनी फेब्रुवारीतच अंदाजे रक्कम आगाऊ भरायला लावली होती, विवरणपत्र नंतर गेलं. तुम्हीही तसंच करा. पैसे कुठून? तिथल्या बँका राज्याच्या परवानगीपत्राशिवाय खात्यातली निम्मी रक्कम मोकळी करू शकतात, उरलेली करवसुली झाल्यावर. घर विकतानाही हे परवानगीपत्र लागतं. आणि काका ज्यांचं देणं लागत होते त्यांना मागणी करायला मृत्यूपासून नऊ महिने असतात, तोवर भावाने कितीही तगादा लावला तरी वाटप करू नका. वाटून बसल्यावर इस्पितळाचं बिल आलं तर ते तुमच्या खिशातून.

फंडांबद्दल एक बारीक पण पैशाची गोष्ट. अमेरिकेच्या लेखी फंडांची खरेदी किंमत मृत्यूच्या दिवशीची धरली जाते, त्यामुळे लगेच विकले तर नफा जवळपास नसतो. आपला आयकर कायदा मात्र काकांनी मूळ ज्या किमतीला घेतले तीच धरतो. १९९० सालची युनिटं तुम्ही स्वतःच्या नावावर करून घेतलीत आणि मग विकलीत तर तीस-पस्तीस वर्षांच्या वाढीवर इथे कर लागू शकतो. म्हणून ती तिथेच, वारशाच्या खात्यात विकून रोख वाटावी असं माझं मत. विकण्याआधी सीएकडून लेखी सल्ला घ्या.

वारसा म्हणून आलेल्या रकमेवर आपल्याकडे कर नाही, इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच गेली. पैसे थेट तुमच्या बचत खात्यात येऊ शकतात. बँक कशाचे म्हणून विचारेल तेव्हा 'घरखर्चासाठी' असं सवयीने लिहू नका, वारसाहक्क लिहा आणि मृत्युपत्राची प्रत जोडा. आणि एक सापळा खास शिक्षकांसाठी, कारण तुम्ही सगळे सोपा आयटीआर-१ भरता. त्या वर्षी तो चालणार नाही. परदेशी खात्यावर सही करण्याचा अधिकार असला, पैसे तुमचे नसले तरी, ते खातं विवरणपत्राच्या परकीय मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं. वारशाचं खातं त्यात बसतं. लपवल्याचा दंड दहा लाख रुपयांपर्यंत आहे.

आता कऱ्हाड. काकांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं म्हणून जमिनीवरचा हक्क गेला नाही, आणि आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याचा अधिकारही त्यांना होता. तिथल्या मृत्युपत्रावर दोन साक्षीदार असतील तर आपल्या कायद्याचीही अट पुरी होते. सरोगेटकडून प्रोबेट झालेली प्रमाणित प्रत आणि मृत्यूचा दाखला यांवर न्यू जर्सीच्या राजधानीतून, ट्रेंटनहून, अपॉस्टिल करून आणा, म्हणजे कागद परदेशात चालावा यासाठीचा सरकारी दाखला. भारत २००५ पासून अपॉस्टिल मानतो. मराठी भाषांतर जोडा आणि वारसाच्या फेरफारासाठी अर्ज द्या. हितसंबंधितांना पंधरा दिवसांची नोटीस निघेल. कुणी हरकत घेतली तर मंडल अधिकाऱ्यापुढे सुनावणी. वाद पेटायची चिन्हं असतील, किंवा कागद पाहून तलाठी भाऊसाहेब बिचकले, तर जिल्हा न्यायालयातून परदेशी प्रोबेटच्या आधारे व्यवस्थापनपत्र घेता येतं. भारतीय वारसा कायद्याचं कलम २२८ त्यासाठीच आहे. चुलत भाऊ अमेरिकन नागरिक असला तरी शेतजमीन वारशाने घेऊ शकतो, विकत घेऊ शकत नाही. पुढे विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकावी लागेल. त्याने तुम्हाला मुखत्यारपत्र पाठवलं तर ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरा. माझं एक मुखत्यारपत्र कपाटात चार महिने पडलं होतं, ती कहाणी पुन्हा कधीतरी.

ठेवींचं तुमच्या वडिलांना नीट समजावून सांगा. बँक पैसे नॉमिनीला देईल, पण ते त्यांचे होणार नाहीत. नॉमिनी हा आपल्याकडे पैसे सांभाळून खऱ्या वारसाला देणारा. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअरच्या बाबतीतही हेच सांगितलं, 'शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर' या निकालात. अमेरिकेत याच्या अगदी उलट : खात्यावर 'बेनिफिशियरी' म्हणून ज्याचं नाव तो मालक, मृत्युपत्र काहीही म्हणो. काकांच्या निवृत्तिनिधीवर कुणाचं नाव आहे ते आधी पाहा. दादाच्या एका जुन्या खात्यावर आमच्या आईचं नाव निघालं. ती २००४ मध्ये गेली होती.

प्रश्न : माझे यजमान ठाण्यात राहून अमेरिकन कंपनीत नोकरी करत होते. कंपनीने दिलेले सुमारे १,४०,००० डॉलरचे शेअर तिथल्या ब्रोकरकडे आहेत. ते जाऊन पाच महिने झाले. मृत्युपत्र नाही. ब्रोकर 'ट्रान्सफर सर्टिफिकेट' मागतो आहे. सासूबाई आणि दोन मुलं आहेत.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या हातात चार महिने आहेत, तेव्हा थेट सांगते. वरच्या काकांना जी दीड कोटीची सवलत मिळाली ती अमेरिकेत राहणाऱ्यांची. भारतात राहून तिथल्या कंपन्यांचे शेअर बाळगणाऱ्या भारतीयाला फक्त ६०,००० डॉलरपर्यंत माफी आहे. त्यावर केंद्राचा इस्टेट टॅक्स लागतो, आणि या कराबाबत भारत-अमेरिकेत करार नाही. तुमच्या आकड्यावर तक्त्याप्रमाणे कर ३५,८०० डॉलर होतो, त्यातून १३,००० वजा, म्हणजे सुमारे २२,८००. फॉर्म ७०६-एनए मृत्यूपासून नऊ महिन्यांत भरायचा. तो तपासून अमेरिकन कर खातं जे पत्र देतं तेच ट्रान्सफर सर्टिफिकेट. त्याला वेळ लागतो, तोवर शेअर गोठलेले राहतात, भाव वर जावो की खाली. इथल्या आयकरातून या कराची वजावट मिळत नाही, कारण आपल्याकडे असा करच नाही.

शेअर कुणाचे, हे मात्र इथला कायदा ठरवतो. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुम्ही, दोन मुलं आणि सासूबाई, चौघांना समान वाटा. सासूबाईंचा वाटा वाचून बऱ्याच सुनांना धक्का बसतो. सासरे हयात असते तर त्यांना मात्र काही नसतं. सासूबाईंना आपला हिस्सा सोडायचा असेल तर तो त्यांनी आपणहून, स्वतःच्या वकिलाला विचारून सोडावा. त्यांच्याकडून गोडीगुलाबीने कोऱ्या कागदावर सही घ्या असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. मुलं अल्पवयीन असतील तर त्यांच्या वाट्यासाठी न्यायालयात जावंच लागेल. दिवाणी न्यायालयात वारसा प्रमाणपत्राचा अर्ज याच आठवड्यात टाका, अमेरिकन फॉर्मची तयारी त्याच्या बरोबरीने चालू द्या. एक संपायची वाट पाहून दुसरं सुरू केलंत तर नऊ महिने पुरणार नाहीत.

प्रश्न : मी सत्तरीची, पुण्यात एकटी. फ्लॅट आणि ठेवी कॅलिफोर्नियातल्या मुलीला ठेवते आहे. तिला तिकडे कर बसेल का?
— एक आजी, कोथरूड

उत्तर : तुम्ही भारतातल्या आणि मालमत्ताही इथलीच, म्हणून तिला तिथे वारशावर कर नाही. पण एका वर्षात एक लाख डॉलरहून जास्त मिळालं तर फॉर्म ३५२० भरून कळवावं लागतं, आणि तो न भरल्याचा दंड जबर आहे. फ्लॅट विकून पैसे नेताना एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात, तुम्ही तेवढ्याची काळजी नका करू. त्यापेक्षा फ्लॅटचं मूळ खरेदीखत, इंडेक्स टू आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट एका फाइलमध्ये घालून ती फाइल कुठल्या कपाटात आहे ते मुलीला आज रात्रीच्या फोनवर सांगा. तिच्याकडे तेव्हा सकाळ असते.